भिंत नेमकी कुणाची?

गाडीचा विमा आमच्या अख्ख्या घरात फक्त मला कळतो! बायकोला तो मी दोन मिनिटांत समजावला होता.

"पहिला पक्ष मी, दुसरा पक्ष विमा कंपनी आणि तिसरा पक्ष म्हणजे उरलेलं जग! आपली गाडी जगात कुणाच्याही वस्तूवर आदळू दे, भरपाई कंपनी देणार!"

"आणि आपल्याच वस्तूवर आदळली तर?"

"मी काय वेडा आहे?"

बायको गप्प बसली. तिचं हे गप्प बसणं मला नेहमीच महागात पडतं.

रविवारी सकाळी गाडी मागे घेतली आणि धडाम! आम्ही आणि शेजारचे दंतवैद्य यांच्यामधली भिंत आडवी! समोरचे चार दात पडावेत तसं मधोमध खिंडार, आणि खिंडारात तोंडभर फेस घेऊन उभे डॉक्टर!

"घाबरू नका डॉक्टर! तुमचं नुकसान कंपनी भरेल!"

"माझं कसलं नुकसान? भिंत तुमची ना?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. (जमीन तरी नक्की माझीच होती.) ही भिंत माझी म्हणून सात वर्षं मी या माणसाशी भांडत होतो! अर्ज केले, नोटिसा पाठवल्या, त्यांच्या बाजूला वीतभर अक्षरांत माझं नावसुद्धा रंगवलं!

"छे हो डॉक्टर, तुमचीच आहे ती!"

"लिहून द्या."

दिलं! सही करून दिलं!

दुपारी कंपनीच्या तपासनीस बाई आल्या. डॉक्टरही कागद घेऊन हजर! फोटो काढता काढता त्यांनी पायानं एक मोठा तुकडा उलटा केला. त्यावर माझं नाव!

"हे कोण?"

"म... मीच."

"मग भिंत तुमची. स्वतःच्या वस्तूची भरपाई यात मिळत नाही."

"अहो, पण ती यांची आहे असं मी लिहून दिलंय!"

"कधी?"

"आज सकाळी. पाडल्यावर."

बाईंनी वही मिटली. डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात घातला.

"कंपनीचं तुम्ही बघा. कागदावर भिंत माझी आहे. कधी बांधून देताय?"

मी बायकोकडे पाहिलं. ती गप्पच!

काल डॉक्टरांच्या भिंतीसाठी गाडीतून विटा आणल्या. आत घेताना गाडी फाटकावर आदळली. फाटक माझं आहे. त्याबद्दल कुणाचाच वाद नाही.