काटेरिंगणीपुढे दंडवत

फुलाचा फोटो उभ्याने काढणाऱ्याला मी फोटोग्राफर मानतच नाही! फुलाच्या उंचीला उतरावं लागतं, असं माझं सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. यंदाच्या रानफुलांच्या स्पर्धेत पहिला नंबर या शिवराजचाच, म्हणजे माझाच, हेही.

म्हणून मार्चमध्ये रेश्माला मागे बसवलं आणि गाडी काढली ती थेट माढ्याकडच्या बिरोबाच्या बनात. काय बन होतं! पळसाला नावाला पान नव्हतं, नुसती केशरी फुलं! आणि देवळाच्या वाटेकडेला काटेरिंगणी. जांभळ्या पाकळ्या, मधोमध पिवळेधमक केसर. पायाखाली येणाऱ्या झुडपाला एवढं रूप! मी भान विसरलो आणि सपशेल पालथा पडलो.

"अहो, काटे!" रेश्मा ओरडली.

"आई गं!" मी म्हणालो, पण कॅमेरा सोडला नाही.

पहिलं फूल कोमेजलेलं निघालं. पुढे दुसरं होतं. उठलो, दोन्ही हात पुढे करून पुन्हा पालथा. मग तिसरं. दर वेळी माझं तोंड देवळाकडेच होतं, हे लक्षातच आलं नाही.

तेवढ्यात नाकासमोर गार पाणी सांडलं. वर बघतो तर देवाला पाणी घालायला निघालेल्या एक आजी घागर कलती करून उभ्या! नाव मथुराबाई, हे नंतर कळलं.

"दंडवत घालतंय लेकरू! भुई लई तापलीया, पोट भाजंल की!"

"आजी, पाणी नको! मी फुलाचा..."

"बोलू नगंस! नवसात बोलत न्हाईत." मग रेश्माला, "कशाचा नवस गं?"

मी आशेने बायकोकडे पाहिलं.

"यांना अक्कल यावी म्हणून!"

"अगं बया! लई अवघड धरलाय की! ए कल्लप्पा, हलगी आण!"

हलगी कडाडली. माणसं जमली. कुणी माझ्या पाया पडलं! मी लाजून मान वळवली, तर समोर काटेरिंगणी. पाकळ्यांवर थेंब, आणि प्रत्येक थेंबात केशरी पळस! धडाधड फोटो घेतले. जन्मात असा फोटो साधला नव्हता. मथुराबाईंचे पाय धरावेसे वाटले, पण देऊळ येईपर्यंत उठायची परवानगी कुठे होती?

परवा स्पर्धेचा निकाल होता. परीक्षक माझ्या फोटोपुढे थबकले. "वा! काय फूल, काय उजेड! कधी काढलात?"

"मार्चची भर दुपार!" मी छाती काढून म्हणालो.

"सोलापुरात? मार्चच्या दुपारी फुलावर दव? पाणी शिंपडलंय तुम्ही. बाद!"

मी शिंपडलं नव्हतं हो! पण मग कुणी आणि का, हे सांगावं लागलं असतं, आणि समोर आमची अख्खी गल्ली बसली होती. रेश्मा तर सांगायला उठलीसुद्धा! मी तिला डोळ्यांनीच दंडवत घातला आणि फोटो मुकाट्याने खाली उतरवला.