मुजावर ब्रदरांची एकतीस तारीख

आमच्या हॉस्पिटलात कुणी "उद्या येतो" म्हटलं, की मुजावर ब्रदर आधी कॉम्प्युटरकडं बघतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. विश्वास फक्त स्वतः एक्सेलमध्ये केलेल्या ड्यूटीच्या कॅलेंडरवर. वरच्या चौकटीत महिना बदलला, की खालच्या तारखा आपापल्या वाराखाली जाऊन बसायच्या, आणि आम्हा चार सिस्टरांच्या पाळ्याही. वॉर्डाचे इनचार्ज असून हा खेळ ते पेशंटच्या नातेवाइकांनासुद्धा दाखवायचे. "पावणं, हिकडं बगा. एक चौकट बदलली, अख्खा म्हैना हलला. नाद खुळा!" त्या बिचाऱ्याला म्हाताऱ्याचं सलाईन संपल्याचं सांगायचं असायचं.

गेल्या महिन्यात तीस तारखेला, शनिवारी दुपारी, मी त्यांना विचारलं, "उद्या ड्यूटीला कोण?" माझी रजा होती. पोरीचा साखरपुडा, जयसिंगपुरात, अकरा वाजता.

"शीटमधी बगा की."

बघितलं. महिना तीसलाच संपलेला.

"ब्रदर, एकतीस कुठाय?"

"नसंल."

"नसंल कशी?"

"शीट चुकत न्हाय, सिस्टर."

माझं डोकंच सणकलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्या पुढ्यात आपटलं. ते बोटानं मोजायला लागले. महिना शुक्रवारी सुरू झालेला, त्यामुळं शेवटच्या रविवारला सहावी ओळ लागत होती. ह्यांनी ओळी केल्या होत्या पाच. ब्रदरांचा चेहरा पांढराफटक पडला.

शीटमध्ये आपलं नाव नाही म्हणून दोघी सुट्टी समजून गेलेल्या, एक चंदगडला, एक जोतिबाला नवस फेडायला. दोघींचे फोन लागेनात. तिसरी आज रात्रपाळी करणार, तिला परत दिवसा कसं उभं करायचं? वॉर्डात नऊ पेशंट, आणि हाताशी फक्त मी.

"जाळा ती शीट!" मी ओरडले. "माझी पोर उद्या पाटावर बसणार, आणि आई इथं थर्मामीटर घेऊन? तुमचं बरंय, तुमची घरी कोण वाट बघतंय!"

बोलून गेले आणि जीभ चावली. ब्रदरांची बायको कधीच गेली, मुलगी शबाना लग्न होऊन बेळगावला. फोनसुद्धा ईदेपुरता.

"जावा तुम्ही," ते म्हणाले. "उद्याच्या तिन्ही पाळ्या मी."

"चोवीस तास? याड लागलंय का?"

"दिवस मी हरवलाय. मीच भरणार."

साखरपुडा झाला, पण माझा जीव वॉर्डात अडकलेला. पोरीच्या ओटीसाठी विहिणीला नारळ देताना फोन वाजला आणि माझ्या हातातला नारळच सुटला. फोन केटररचा होता, जेवायला माणसं किती म्हणून.

सोमवारी सकाळी पेढे घेऊन धावतच गेले. ब्रदर स्टुलावर बसलेले, डोळे लालभडक. "सगळी ओक्के हायत. नवरदेवागत जेवल्यात." पेढा त्यांनी तसाच हातात धरला. "फोटू दावा की."

दाखवले. प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून बघत होते.

"ह्यात पोरीचा बाप कुठाय?"

"हे काय, तिच्या मागं उभारलेत."

"शबानाच्या मंगनीला मी ड्यूटीवर हुतो, सिस्टर. बदली कुणीच मिळंना. तिच्या एकाबी फोटूत मी न्हाय." "कुणाचं परत असं हू नये म्हणून तर ते कॅलेंडर शिकलो. आन त्यातबी चुकलो बगा."

त्यांनी तो फोटो पुन्हा मोठा केला आणि माझ्या नवऱ्याकडं बघत बसले.