निम्मं रिकामं जहाज

उत्तरेश्वर लोमट्यांना आयुष्यात एकदा तरी अशा जागी बसायचं होतं, जिथं दुसरं कुणी नसेल. लातूरकडून हडपसरच्या कारखान्यात कामाला आल्यापासून ते गर्दीतच राहिले. आधी एका खोलीत सात जण, मग विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत गावाकडून शिकायला येणारे भाचे, पुतणे आणि त्यांचे मित्र. ते निवृत्त झाले त्या वर्षी आयटी कंपनीत लागलेली लेक, नम्रता, लॅपटॉप घेऊन पुढ्यात बसली.

"बाबा, तुम्हा दोघांची क्रूझ बुक करतेय. मुंबईहून निघायचं, चार दिवस समुद्रात फिरून परत. ऑफ-सीझन आहे, जहाज निम्म्याहून जास्त रिकामं जाणार."

"रिकामं?" उत्तरेश्वररावांनी चष्मा काढून पुसला. "परत एकदा म्हण."

पुढचा महिनाभर ते घरात असून नसल्यासारखे होते. दुधाची पिशवी घेऊन कोपऱ्यावरच उभे राहत. समोर बसमागून बस जाई आणि यांच्या डोळ्यांपुढे निळं पाणी आणि लांबच लांब मोकळा डेक.

जहाजात दोन हजारांची सोय होती, प्रवासी होते आठशे. पहिल्या सकाळी ते आठशेच्या आठशे इडलीच्या रांगेत होते. डेकवरच्या सगळ्या खुर्च्या रुमाल टाकून धरलेल्या. लिफ्टमध्ये तर उत्तरेश्वररावांना स्वतःचाच हात कुठं गेला ते तीन मजले कळलं नाही.

"दोन हजारांत आठशे," ते रांगेत पुटपुटले. "मग बाकीची जागा गेली कुठं?"

"तीच मी कालपासून शोधतोय काका," मागून मन्सूरभाई म्हणाले. त्यांचं पुण्याच्या कॅम्पात चष्म्याचं दुकान होतं. "सापडली तर मलाही सांगा."

शेवटी उत्तरेश्वररावांनी गणवेशातल्या एका अधिकाऱ्याला गाठलं. तो रत्नागिरीचा निघाला.

"प्रवासी कमी म्हणून स्टाफ कमी, साहेब. स्टाफ कमी म्हणून वरचे दोन मजले बंद. तीनपैकी दोन जेवणघरं बंद."

"म्हणजे रिकामी जागा आहे?"

"आहे ना. रिकामी आहे म्हणूनच बंद आहे."

"आणि जहाज भरलं असतं तर?"

"मग काय, सगळं उघडलं असतं. ऐसपैस झालं असतं."

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोला, मैनाबाईंना, "आलोच" म्हणून ते उठले आणि जिना चढत गेले. वर आडवा दोर होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून दोराखालून पलीकडे गेले.

वर वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. घड्या घालून ठेवलेल्या शेकडो खुर्च्यांतली एक त्यांनी उघडली. पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ सावकाश वर जात होती, सावकाश खाली येत होती. आवाज फक्त खालच्या पाण्याचा, कुणी गाढ झोपेत कूस बदलावी तसा. आपण आहोत की नाही हेही त्यांना नीट कळेना, आणि कळून घ्यावंसंही वाटेना. मैनाला बोलवावं, असं मनात आलं. उठू, उठू म्हणताना डोळा लागला.

चहाची वेळ टळली तरी नवरा दिसेना, तेव्हा मैनाबाईंनी हंबरडा फोडला. स्पीकर गरजू लागले, पण वरच्या मजल्यावरचे स्पीकरही बंदच होते. जहाजाचा वेग कमी झाला. कुणीतरी पाण्यात काहीतरी पांढरं पाहिल्याचं सांगितलं. "मावशी, तुम्ही इथून हलू नका," असं सांगून अधिकाऱ्यानं मैनाबाईंना जेवणघरात बसवलं, वरचे दोर सोडले, आणि आठशेच्या आठशे प्रवासी उत्तरेश्वररावांना शोधायला निघाले.

उत्तरेश्वररावांना जाग आली तेव्हा मन्सूरभाई वाकून बघत होते.

"काका, जागा सापडली तर सांगा म्हटलं होतं."

मागे अख्खं जहाज उभं होतं. 'सापडले' म्हणून स्पीकरवर जाहीर झालं, पण खाली जायला कुणी तयार होईना. लोकांनी खुर्च्या उघडल्या, पोरांनी पळापळ मांडली, कुणीतरी चिवडा काढला. अधिकारी दोर हातात घेऊन नुसता उभा राहिला.

आता बायको काय म्हणेल या धास्तीनं उत्तरेश्वरराव एकटेच जिना उतरले. जेवणघरात एकही माणूस नव्हतं. फक्त खिडकीपाशी मैनाबाई, पाय समोरच्या खुर्चीवर, हातात कप, पुढ्यात काचभर समुद्र. डोळे रडून सुजले होते, पण एवढा निवांत चेहरा त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

"अगं, मी जरा..."

"कळलं. स्पीकरवर सांगितलं." त्यांनी सावकाश घोट घेतला. "आधी जीवच गेला होता माझा. मग तुम्ही सापडलात म्हणाले, आणि इथं कुणी फिरकलंच नाही. अहो, पाण्याचा आवाज येतो इथं."

"बसू का?"

"बसा की." मैनाबाईंनी खिडकीवरची नजर न काढता लांब बोट दाखवलं. "त्या पलीकडच्या टेबलावर."

उत्तरेश्वरराव पाय न वाजवता तिकडे गेले आणि बसले.