दाजी आणि मुळावरच्या गाठी

आमच्या दाजींना सोबत घेऊन कुठं जाणं म्हणजे मार खायची तयारी ठेवून जाणं. रस्त्याकडेला कुणाचंही सोयाबीन दिसलं की ते बांध ओलांडून आत शिरतात, एक झाड मुळासकट उपटतात, मुळावरची बारीक गाठ नखाने फोडतात आणि आतला रंग बघतात. लाल निघाली तर झाडाला हात जोडतात. पांढरी निघाली तर मालकाला हाक मारतात. भांडणं सगळी पांढरीवरूनच होतात.

एकदा नांदेडहून येताना एसटी चहाला थांबली आणि दाजी शेजारच्या शेतात. मालक काठी घेऊन आला.

"ए म्हाताऱ्या, कुणाचं रान समजलास?"

"मालक, तुमच्या गाठी पांढऱ्या हायत. येळेवर दाखवून घ्या."

मालकाला वाटलं, म्हातारा शाप देतोय. मी मधे पडलो. एका झाडाची त्याने एवढी भरपाई मागितली की माझंच डोकं फिरलं. कंडक्टर घंटा वाजवत राहिला, पण मालकाला निम्म्यावर आणल्याशिवाय मी गाडीत पाय ठेवला नाही.

दाजी म्हणजे काशिनाथदाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहणार इस्लापूर. मी अहमदपूरचा. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलत वर आलो, आज तिथंच माझी आडत आहे. व्यवहारात मला कुणी चुना लावलेला नाही. एकदाच लागला, तोही दाजींमुळे.

इस्लापूरला डोंगराच्या अंगाला तांबडी जमीन निघाली होती. "इसनाथ, निम्मी तू घे, निम्मी मी घेतो. अक्काला बी बरं वाटंल," दाजी म्हणाले. माझं नाव विश्वनाथ, पण ते त्यांनी कधी पुरतं घेतलं नाही. मी मालकाला इतकं खाली ओढलं की घरी येऊन पेढे वाटले. तो एवढा का वाकला, हे पहिल्याच सोयाबीनने सांगितलं. वीतभर वाढलं आणि पिवळं पडलं.

आमच्याकडे जमीन बिघडली म्हणजे खारीच झाली, दुसरं कुणाच्या मनात येत नाही. खारीवर जिप्सम. मी ट्रकभर पाठवलं. काही फरक नाही. मग युरिया ओतला. त्या साली हिरवं दिसलं, पुढच्या साली आणखी पिवळं.

शेवटी दाजी माती तपासून आले. "जमीन खारी न्हाई, इसनाथ. आंबट हाय."

मी हसलो. मराठवाड्यात चिंच आंबट असते, जमीन नाही. पण ही होती. डोंगरावरून येणारं पाणी वर्षानुवर्षं तिच्यातला चुना धुऊन नेत होतं आणि युरियाने आंबटपणा वाढवला होता. सोयाबीनच्या मुळावर गाठी करून राहणारे जिवाणू असतात. हवेतलं नत्र धरून ते झाडाला देतात. आंबट मातीत ते तगत नाहीत. गाठच धरत नाही, धरली तर आतून पांढरी, रिकामी. लाल असली तर काम चालू आहे. यावर उपाय जिप्सम नव्हे, चुना.

मग दाजींनी चुन्याचा ध्यास घेतला. कळीचा चुना आणून विरवायचे, वाळवायचे, चाळायचे आणि शेतात फेकायचे. हाताची सालं निघायची. गाव विचारायचं, "दाजी, मेव्हण्याला लावून उरला का?" दाजी म्हणायचे, "त्येला लागत न्हाई. त्यो लई चिवट हाय." मी संतापलो की मलाच ऐकवायचे, "तुझ्या पोटात अन् ह्या रानात एकच ताप हाय. आंबट घरात लेकरं टिकत नसतेत." लेकरं म्हणजे जिवाणू. पेरणीआधी बियाण्याला चोळायचं जिवाणूंचं पाकीट ऊन लागू नये म्हणून सदऱ्याच्या आत धरून आणायचे. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

दिसेल त्याच्या शेतात घुसून गाठी बघायचं वेड मात्र अक्का गेल्यावर लागलं. तिच्या पोटात गाठ होती. तिने सांगितली नाही, यांनी विचारली नाही. नांदेडच्या डॉक्टरने बघितली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यंदा मी माझी निम्मी जमीन विकायला काढली. दाजी एवढंच म्हणाले, "तुझी मर्जी." श्रावणात हदगावकडचं एक गिऱ्हाईक आलं. पीक कमरेला लागलेलं, गर्द हिरवं. बांधावर बसून मी भाव चढवत नेला. मी हात पुढे करणार, तेवढ्यात दाजी बोलले.

"पाव्हणं, मागून म्हणू नका सांगितलं न्हाई. रान आंबट हाय. गाठी धरत न्हाईत. हे हिरवं दिसून राहिलंय ते युरियाचं."

पाहुणा माझ्याकडे बघत उठला. "आडतदार, तुम्ही तर हे बोलला न्हाईत. बघतो, फोन करतो." मोटारसायकल गेली.

मी पेटलो. "दाजी, वैरी तरी बरा! कुठाय आंबट? दाखवा ना!" हाताला आलं ते झाड उपटलं, त्यांच्या अंगावर फेकायला. ते हातातच राहिलं. मुळं गाठींनी लगडली होती, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. मी एक फोडली. आतून रक्तासारखी लाल. दुसरी फोडली. तीही तशीच.

"दाजी, ह्या कधीपास्नं?"

"गेल्या सालापास्नं."

"मग त्येला खोटं का सांगितलं? तुम्ही?"

दाजींनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"अक्का न्हाई. लेकरू न्हाई. तू येतूस ते ह्या रानावरनं भांडायला येतूस. हे इकलं म्हंजे तुझी माझी गाठ कशाला पडती रे?"

खिशातला फोन वाजला. पाहुणाच होता. "आडतदार, आंबटाचं थोडं कमी करा अन् उद्या इसार घ्या."

खरं काय ते सांगितलं असतं तर पुरता भाव आला असता. झाड माझ्या हातात होतं.

"आंबटच हाय," मी म्हणालो. "लई आंबट. नका घेऊ."

फोन बंद केला. दाजींनी माझ्या हातातलं झाड घेतलं, उकिडवे बसले आणि ते परत मातीत लावू लागले.

"दाजी, ते जगत नसतं."

"ठाव हाय," ते म्हणाले आणि बुडाभोवती माती दाबत राहिले.