तिसऱ्या चंद्रावरची हळद

बाबूरावअण्णांना तब्येत विचारली, की ते तिसऱ्या चंद्रावरच्या जमिनीचं सांगतात. "भुसभुशीत हाय. पण दगडगोटा लई." विचारणारा नवा असेल तर काढता पाय घेतो.

कुरुंद्यात अण्णांचं घर माझ्या घराला लागून. साठी उलटलेली, जन्म हळदीत गेला, नखं कायमची पिवळी. बायको वारल्यावर त्यांच्या मुलीनं, पुण्यात नर्स असलेल्या रेखानं, त्यांच्या मोबाइलवर एक ऑनलाइन खेळ टाकून दिला. आपली एक बाहुली असते. तिनं परक्या ग्रहांवर खणायचं, सापडेल ते भट्टीत वितळवायचं, त्याचं यानासाठी इंधन करायचं आणि पुढच्या ग्रहावर जायचं.

पहिल्याच आठवड्यात अण्णांना तिथल्या एका ग्रहाच्या तिसऱ्या चंद्रावर एक पिवळा, गाठीगाठींचा गोळा सापडला. खाली इंग्रजीत मजकूर. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून ते माझ्याकडे आले. लिहिलं होतं: 'क्वांटम गोळा. एकाच वेळी दोन ठिकाणी असतो. नक्की कुठे, असं विचारल्यास चिडतो.'

अण्णा म्हणाले, इंग्रजी राहू द्या, हा जेठा गड्डा आहे. म्हणजे हळदीच्या बुडातला मूळ कंद. आमच्याकडे तो बेण्याला राखतात. "जेठा शिजवत न्हाईत गुरुजी, लावतेत. हे भट्टीत घाला काहून म्हणून राहिले?" मग विचारलं, किती महिन्यांत निघंल?

मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "नऊ महिने लिहिलंय."

असं काही लिहिलेलं नव्हतं. त्या खेळात काही उगवतच नाही.

तेव्हा हळद लावायचे दिवस होते. अण्णांनी चंद्रावर सऱ्या पाडल्या, सापडेल तो गोळा पुरला. यान थंड करायची बादली असते, तिनं रोज पाणी. बाकीचे खेळाडू दुसऱ्या आकाशगंगेत पोचले. अण्णांच्या यानात इंधनाचा थेंब नाही. कोणी परदेशी खेळाडू सऱ्या तुडवत गेला, की अण्णा मोबाइलला तोंड लावून सांगत, "ए भाऊ, बांधावरून जा नं."

शाळेत मास्तरांच्या खोलीत मी हे रंगवून सांगितलं. सगळे हसले, मीही हसलो. मग हॉटेलात लोक विचारू लागले, "अण्णा, फुटला का कोंब?" अण्णा मान हलवून सांगत, अजून न्हाई, तिकडं थंडी लई. एकदा हे माझ्यासमोर झालं आणि मी भरला कप तसाच ठेवून उठलो. नवव्या महिन्यात सऱ्या उकरल्यावर या माणसाचं काय होईल, एवढंच मनात घोळायचं. खरं सांगून टाकायचं रोज ठरवायचो, आणि रोज ते आणखी अवघड व्हायचं.

नववा महिना भरला. अण्णा सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसले, मोबाइल मांडीवर. मी शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. नऊ महिने मी मनानंच ठोकून दिले होते, वर लोकांना हसवलंही. माफी मागितली.

अण्णांनी तळहातानं मोबाइलचा पडदा पुसला. मग म्हणाले, "रेखीनं मला तवाच सांगितलं होतं गुरुजी. हितं काही उगवत नसतंय म्हणून."

"मग इतके दिवस पाणी कशाला घातलंत?"

"सांगताना हसली ती. माय गेल्यापासून फोनवर 'जेवलात का', 'व्हय', एवढंच व्हायचं आमचं. पुढं काय बोलावं, दोघांलाबी सुचायचं न्हाई. आता ड्यूटीवरून आली की रोज चंद्रावर येते. एक सरी ती भिजवते, एक मी. हात कामात असले की बोलणं निघतं. मायचंबी निघतं."

पडद्यावर दुसरी एक बाहुली येऊन उभी राहिली. हातात कुदळ. मोबाइलमधून आवाज आला, "आलात का अण्णा? काढणी म्हणून सुट्टी टाकली मी."

"तू त्या टोकाकून लाग," अण्णा म्हणाले, "मी हिकडून येतो."

जेवढे गड्डे लावले होते तेवढेच निघणार होते, हे तिघांनाही ठाऊक होतं. दोन्ही बाहुल्या वाकल्या. बाप-लेकीचं बोलणं सुरू होतंय म्हणून मी उठू लागलो, तर अण्णांनी पडद्यावरची नजर न काढता माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बसा गुरुजी," ते म्हणाले. "सरी लांब हाय."