बोर्गहिल्डबाईंपासून होणारी डोकेदुखी

सासूबाई राहायला आल्यापासून आपले डोके दुखते, हा निष्कर्ष ऑर्वल ट्वेट यांनी घाईने काढलेला नव्हता. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या शाळेत हयातभर रसायनशास्त्र शिकवलेले हे गृहस्थ थर्मामीटर पाहिल्याशिवाय थंडीही मान्य करत नसत. बोर्गहिल्डबाई जानेवारीत आल्या आणि डोकेदुखी त्यांच्या पाठोपाठ आली. दुकानात गेले की ती थांबे. घरी येऊन बाईंसमोर बसले की पुन्हा सुरू होई. शिवाय अंगात त्राण नसे. जिना चढल्यावर आपण वर कशासाठी आलो हे आठवेपर्यंत बसून घ्यावे लागे.

प्रश्न तातडीचा होता. सासूबाईंनी कायमचे इथेच राहावे की वृद्धाश्रमात जावे, हे रविवारपर्यंत ठरायचे होते आणि पत्नी मार्लिसने निर्णय ऑर्वल यांच्यावर सोपवला होता. ऑर्वल यांचे मत बनले होते. ते बोलून दाखवण्याचे बळ तेवढे नव्हते. त्या घरात तक्रार करण्याची पद्धतही नव्हती. पाय मोडलेला माणूससुद्धा तिथे ‘याहून वाईट झालं असतं’ एवढेच म्हणे.

बाई आल्या त्याच आठवड्यात जिन्याखालचा विषारी वायूचा अलार्म किंचाळू लागला होता. ऑर्वल यांनी तो गॅरेजमध्ये नेला. तिथे तो थोड्याच वेळात गप्प झाला. घरात ओरडणारे आणि गॅरेजात गप्प बसणारे यंत्र उघडच बिघडलेले असते, असे ठरवून त्यांनी ते तिथेच फळीवर ठेवून दिले.

“ऑर्वल, भट्टीतली ज्योत पिवळी दिसतेय,” घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी होती त्या तळघरातून धुतलेले कपडे घेऊन येत मार्लिस म्हणाली. “आधी निळी असायची ना?”

“सोडियम,” ऑर्वल डोळे मिटूनच म्हणाले. “बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते बुटांबरोबर घरात येतं. मिठाने ज्योत पिवळी होते.”

“भट्टीत बूट कोण घालतंय?”

“धूळ उडते, मार्लिस.”

“आणि खिडक्यांना आतून पाणी सुटलंय ते?”

“तुझी आई दिवसभर कॉफी उकळते.”

“ऑर्वल, बाळा,” सोफ्यावरून बोर्गहिल्डबाई म्हणाल्या, “भट्टी जरा वाढवतोस का? नाही वाढवलीस तरी चालेल. मी कोट घालून बसते.”

सहासष्ट वर्षांच्या बाळाने भट्टी वाढवली. थोड्याच वेळात त्याचे डोके ठणकू लागले. पुरावा आणखी भक्कम झाला.

शनिवारी चर्चमध्ये मीटबॉलचे जेवण होते. बोर्गहिल्डबाई जावयाच्या शेजारीच बसल्या आणि त्यांनी आपल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेची हकीकत, सर्जनच्या आजोबांपासून, सुरू केली. ऑर्वल डोके दुखण्याची वाट पाहू लागले. ते दुखेना. उलट त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

“असा काय बघतोयस?” बाईंनी विचारले.

“आई, तुम्ही बोलत राहा.”

असे त्यांना आजवर कोणी म्हटले नव्हते. हकीकत पुन्हा पहिल्यापासून झाली. डोके शांतच. सिद्धांत कोसळला. सासूबाई इथे होत्या. इथे नव्हते ते फक्त घर. आणि सासूबाईंना थंडी सोसत नसल्याने त्या आल्यापासून घरातली भट्टी दुप्पट चालत होती. मग ऑर्वल यांना स्वतःचे सोडियम आठवले, आणि गॅस नीट जळत नसला तरी ज्योत पिवळीच होते हेही; ताट तसेच सोडून त्यांनी गॅस कंपनीला फोन लावला.

गॅस कंपनीचा माणूस मीटर घेऊन घरात शिरला आणि लगेच बाहेर आला.

“भट्टीच्या आतल्या पत्र्याला चीर गेलीय. घरात कार्बन मोनॉक्साइड भरलाय. कुणाला डोकेदुखी, थकवा?”

अंगणातल्या बर्फात उभ्या असलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

“छे,” मार्लिस म्हणाली.

“सांगण्यासारखं काही नाही,” ऑर्वल म्हणाले.

“माझ्या वयाला एवढं चालायचंच,” बाई म्हणाल्या.

तो माणूसही त्याच गावचा होता. “म्हणजे तिघांनाही,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा.”

“आधी कॉफी तरी घ्या,” मार्लिस म्हणाली.

“बाई, घरात जायचं नाहीये.”

“मग गाडीत केक आहे. चर्चमधला.”

तो दोनदा नको म्हणाला. मार्लिसने तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा त्याने रीतीप्रमाणे घेतला, आणि मगच तिघे निघाले.

हॉस्पिटलात तिघांना ओळीने झोपवून प्राणवायू लावला. थोड्या वेळाने बोर्गहिल्डबाईंनी मास्क उचलला.

“ऑर्वल, मी त्या वृद्धाश्रमात नाव देऊन ठेवलं होतं. सोमवारी जाणार होते.”

ऑर्वल यांनीही मास्क उचलला. “आम्हाला न सांगता? का?”

“इथं आल्यापासून डोकं फार दुखायचं. मला वाटलं, तुझ्या बोलण्यानं. किती समजावून सांगतोस रे तू. म्हटलं, कशाला बोलून दाखवायचं.”

“आणि आता?”

“आता कारण कळलं ना. सकाळी फोन करून नाव काढून घेते.”

पलीकडच्या खाटेवर मार्लिसने डोळे घट्ट मिटून घेतले. ऑर्वल यांनी सासूबाईंच्या तर्कात खोट शोधून पाहिली. तो निर्दोष होता. त्यांनी मास्क पुन्हा नाकावर ओढला. डोके अजिबात दुखत नव्हते. त्यामुळे हरकत घ्यायला आधारच उरला नव्हता.