लौटोकाहून बा शहरावर झालेली बसस्वारी

वर निळे आकाश, खाली अथांग दर्या आणि मध्ये फिजी बेटांतील लौटोका बंदरी नांगर टाकून उभे असलेले अजस्र जहाज, या तिघांस साक्षी ठेवून ही हकिकत लिहिली असे. कारण की, फिजीहून जाऊन सिडनीच्या लिव्हरपूल कसब्यात वसलेली जी आमची आप्तमंडळी, त्यांजमध्ये या स्वारीविषयी दोन तट पडले, आणि मंदिराच्या मुदपाकखान्यात पुऱ्या लाटता लाटता बायकांत हातघाईचा प्रसंग आला, मग वडीलधाऱ्यांनी फर्माविले की जे घडले ते तैसेच लिहून काढावे, कोणाची भीड धरू नये. आम्ही धरीत नाही. स्वारीचे सेनापती बिसुनदेव हे आमचे सख्खे चुलते, पण त्यांची तर मुळीच धरणार नाही.

तर या मोहिमेचे मूळ ऐसे. बिसुनदेवांचे कुटुंब सुभागवतीबाई आणि त्यांची थोरली बहीण कलावती, मुक्काम बा, या उभयतांत अकरा वर्षे युद्ध चालू होते. सुभागवतीबाई देश सोडून सिडनीस निघाल्या तेव्हा थोरलीने विमानतळावर येऊन चार आसवे गाळावीत, ते न करता 'गुडघा दुखतो' म्हणून सांगावा धाडला, आणि तो सांगावा धाकटीच्या काळजात रुतून बसला. मग दर रविवारी फोनवर वाटाघाटी होत, डाळीच्या भावापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत तमाम मुलुखाची खबर घेतली जाई, आणि शेवटी थोरली म्हणे, "तू ये," आणि धाकटी म्हणे, "नाही, तू ये," आणि दोन्हीकडे फोन आपटले जात. परंतु अलीकडे थोरलीचा आवाज पातळ झाला आणि गुडघा खरोखरीच दुखू लागला, आणि सुभागवतीबाईंस घास गोड लागेना, की ही हट्टी बाई गेली तर आपण भांडायचे कोणाशी. बरे, 'मी येते' म्हणावे तर अकरा वर्षांचे मोर्चे एका शब्दात उठतात. तेव्हा बाईंनी मसलत करून जहाजाची सफर काढिली आणि बहिणीस कळविले की, आम्ही समुद्राची हवा खाण्यास निघालो आहोत, वाटेत लौटोका लागते त्यास आमचा इलाज नाही, जहाज तेथे दिवसभर उभे राहते, तर उभ्या उभ्या डोकावून जाऊ. थोरलीने जबाब दिला की आमचे घर आहे तेथेच आहे.

आता सेनापतींची तारीफ. बिसुनदेव यांनी आधी लौटोकात आणि मग सिडनीत टॅक्सी हाकण्यात हयात घालविली. उंची बेताची, पोट बिनीच्या सरदारासारखे सदैव पुढे, आणि रस्त्यांविषयीचा गर्व ऐसा की पुसता सोय नाही. त्यांची एक जाहीर शपथ होती की, जन्मात दुसऱ्याच्या टॅक्सीत बसणार नाही, मागच्या बाजूस तर मुळीच नाही, कारण मागे बसतो तो मुसाफर, आणि आपण मुसाफर नव्हे. या शपथेपायी सुभागवतीबाई कैक लग्नांस पायी गेल्या होत्या. जहाजावरल्या सहलवाल्यांनी थंडगार मोटारीची लालूच दाखविली, ती बिसुनदेवांनी तुच्छ लेखिली आणि आज्ञा केली की बसने कूच करावे, हा आपला मुलूख, येथला दगडन् दगड आपणास ओळखतो. जहाज दुपारी चारास सुटणार होते, म्हणून सकाळीच शिडी उतरून उभयता खासे जमिनीवर दाखल जाहले.

बंदराच्या दरवाजाबाहेर टॅक्सीवाल्यांचा वेढा पडला होता. त्यात फैयाज नामे एक जुना मोहरा उभा होता. हा पूर्वी बिसुनदेवांच्याच अड्ड्यावर गाडी लावी आणि त्यांची गिऱ्हाइके पळवी. तो पुढे होऊन गळ्यात पडला आणि म्हणाला की जुन्या ओळखीत बा शहरी नेऊन सोडतो, बसा. बिसुनदेवांनी शपथेचा उच्चार केला. त्यावर फैयाज गाडीच्या टपावर कोपर टेकून हसला.

"जा, जा. परत याल तेव्हा मी इथंच आहे, बिसुनभाई."

मग मंडईलगत बसतळावर आले, तो तेथे बसगाड्यांची फौज धूर सोडीत उभी. बाई म्हणाल्या की कोणास तरी विचारून चढू. पण वाट विचारणे म्हणजे टॅक्सीवाल्याच्या कुळास बट्टा, सबब बिसुनदेवांनी ज्या गाडीवर बा हे नाव दिसले तीत उडी घेतली, आणि येथेच सारा घात जाहला. कारण एक गाडी हमरस्त्याने सरळ बा शहरी जाते, आणि दुसरी उसाच्या मळ्यामळ्यांतून, प्रत्येक वाडीस रामराम करीत, कंबर हलवीत जाते. खासे दुसरीत चढले होते.

चढताच पहिली अडचण. अकरा वर्षांत राज्यकारभार पालटला होता आणि बसमध्ये आता रोकड चालत नव्हती, दस्तक म्हणून एक कार्ड असते ते यंत्रास टेकवावे लागे. बिसुनदेव नोट पुढे करीत आणि चालक मान हलवी, आणि मागे रांग खोळंबून टोमणे येऊ लागले. तेव्हा दाराशी मेरेओनी नामे एक धिप्पाड काईवीती, म्हणजे मूळ फिजीवासी, बाई, दालोच्या म्हणजे अळवाच्या कंदांची गोणी आणि दोरीने जखडलेले चिखलखेकडे घेऊन बसली होती, तिने आपले कार्ड आणखी दोनदा टेकविले आणि म्हणाली, "बसा की, काका. कुठं चाललात?"

या मुलुखात कुठे चाललात हे पुसणे म्हणजेच नमस्कार. तेव्हा गाडीतल्या तमाम लोकांनी आळीपाळीने तेच पुसले, आणि सुभागवतीबाईंनी प्रत्येकास सांगितले की बा येथे जातो, थोरल्या बहिणीकडे, म्हणजे मुद्दाम नव्हे, वाटेत लागते म्हणून. लोक एकमेकांकडे पाहून गालात हसले. मग मेरेओनीने खुलासा केला की काकी, ही गाडी बा शहरी जाईल खरी, पण आधी साऱ्या दुनियेत जाईल. बाईंनी मान वळवून यजमानांकडे पाहिले. बिसुनदेव खिडकीबाहेर पाहू लागले, आणि त्या गाडीच्या खिडक्यांस काचा नसल्यामुळे बाहेर पाहता पाहता त्यांच्या तोंडात बरीच धूळ गेली.

मजल दरमजल करीत गाडी वितोगो गाव मागे टाकून आत शिरली. कोठे कोंबडखाद्याचे पोते उतरविले, कोठे चालकाच्या आत्याने हात करून गाडी थांबविली आणि त्यास चहा पाजला, कोठे एक म्हातारा चढला आणि चष्मा विसरला म्हणून उतरला, आणि सारी गाडी त्याच्यासाठी थांबली, कोणी कुरकुर केली नाही. केली ती एकट्या बिसुनदेवांनी. आपण असतो तर या मुदतीत दोनदा जाऊन आलो असतो, ऐसे ते बोलत आहेत तो एका खेकड्याने दोरी सैल करून त्यांच्या उघड्या सपातेतला अंगठा धरिला. मोठे युद्ध जाहले. मेरेओनीने खेकड्याच्या पाठीवर अंगठा दाबून त्यास शरण आणिले आणि बिसुनदेवांस समजाविले की ओरडू नका काका, तो तुमच्याहून घाबरला आहे.

इकडे सूर्य डोक्यावर आला. सुभागवतीबाईंनी मेरेओनीचा फोन मागून बहिणीस लाविला आणि कळविले की चुकीच्या गाडीत बसलो, उशीर होईल, जहाज चारास जाते, भेट होईल न होईल सांगवत नाही. मग थोरली एकच शब्द बोलली, "बरं," आणि फोन ठेविला. नेहमीप्रमाणे आपटिला नाही, हळूच ठेविला. इतका वेळ त्या रागात होत्या, आता डोळ्यांस पदर लाविला आणि बोलल्या ते फार हळू बोलल्या.

"अहो, तुमच्या शपथेपायी माझी बहीण न भेटताच जाईल. एवढंच ध्यानात ठेवा."

पडले तरी ज्यांचे नाक वर, त्या बिसुनदेवांनी प्रथमच खाली पाहिले.

होता होता गाडी मळ्यांतून निघून हमरस्त्यास लागली आणि चालकाने आनंदाने वेग धरिला, तो पुढे उसाची आगगाडी आडवी. गळिताचे दिवस, साखर कारखान्याकडे ऊस चाललेला, लहानसे इंजिन आणि मागे उसाने लादलेले डबे, आणि त्यातला एक डबा कोठे पुढे रुळावरून घसरल्यामुळे सारी गाडी रस्त्यावरच ठाणे देऊन बसली होती. इंजिनवाला सावलीस बसून रोटी खात होता. त्यास पुसता तो म्हणाला, सुटेल तेव्हा सुटेल. अलीकडे ही बस उभी, आणि पलीकडे बा शहराहून लौटोकास जाणारी एक बस उभी, आणि मध्ये उसाचा तट. लोक उतरले आणि रुळांकाठी बैठका घालून ऊस सोलू लागले.

सुभागवतीबाईंनी दोन डब्यांच्या फटीतून पलीकडे नजर टाकिली, तो दुसऱ्या बसच्या सावलीत एक वाळकी म्हातारी, हातात काठी, काखेत टोपली, उभी राहून इंजिनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होती. तो आवाज बाईंनी साऱ्या पृथ्वीत ओळखला असता.

"दिदी!"

थोरलीने शिव्या थांबविल्या, डोळ्यांवर हात धरून फटीतून पाहिले आणि विचारिले, "तू इथं कशी?"

"तू कुठं चाललीस?"

"लौटोकाला. भेंडी घ्यायला."

हे ऐकून उभय फौजांत हशा पिकला, कारण बा शहरीच्या मंडईत भेंडीचे ढीग पडतात, आणि भेंडीसाठी बा सोडून लौटोकास जाणारी बाई अद्याप त्या बेटावर जन्मली नव्हती. वास्तविक घडले होते ते ऐसे की, फोन ठेवताच थोरलीने टोपली भरिली, गुडघ्यास तेल चोळिले, आणि जी बाई अकरा वर्षांत वेशीबाहेर गेली नव्हती ती पहिल्या गाडीत चढून बसली होती.

आता कोणासही वाटेल की बहिणी तत्काळ गळ्यात पडल्या. छे! सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. थोरलीने फर्माविले की मी गुडघा घेऊन येथवर आले, आता तू वळसा घालून इकडे ये. धाकटीने उलट फर्माविले की मी सिडनीहून येथवर आले, आता तू ये. अकरा वर्षांचे युद्ध सातासमुद्रांवरून सरकत सरकत उसाच्या एका डब्यावर येऊन ठेपले, आणि तेथे अडले. मेरेओनी थोरलीस उचलून आणण्यास निघाली तिला दोघींनी मिळून दटाविले. लोक ऊस चघळीत या बाजूस आणि त्या बाजूस माना वळवू लागले. बिसुनदेव काही सांगण्यास पुढे झाले, पण बायकोचा चेहरा पाहून मागे फिरले.

इतक्यात कोठून तरी हाकाटी आली, इंजिनवाल्याने हात झटकिले, भोंगा दिला आणि उसाचा तट हलू लागला. एकेक डबा दोघींच्या मधून सरकत गेला, आणि शेवटचा डबा गेला, आणि मध्ये काहीच उरले नाही, दोन रूळ आणि थोडी चिपाडे. उभय बसगाड्यांची यंत्रे सुरू झाली. आणि त्या दोघी तैशाच उभ्या.

मग काय जाहले हे कोणास नीट दिसले नाही, परंतु पाहतात तो दोघी ऐन रुळांमध्ये एकमेकींच्या गळ्यात. थोरलीची काठी एकीकडे, टोपली दुसरीकडे, आणि धाकटी लहान मुलीसारखी हुंदके देत होती, आणि थोरली तिच्या पाठीवर थापट्या मारीत होती आणि म्हणत होती की किती सुटलीस गं, जहाजावर काय नुसती खातेस? आगगाडी गेली तरी रस्ता बंदच राहिला. दोन्ही चालकांनी भोंगा म्हणून वाजविला नाही.

मग खलबत बसले. बा शहर आता जवळ होते, पण तेथे जाऊन चाराच्या आत बंदर गाठणे मुश्कील, सबब आज्ञा झाली की सर्वांनी थोरलीच्या बसने लौटोकास फिरावे. मेरेओनीने एक खेकडा बाईंस नजर केला, तो मोठ्या मिनतवारीने परत दिला. थोरलीने आपले दस्तक तिघांसाठी टेकविले. टोपलीत फणसाच्या भाजीच्या रोट्या आणि चिंचेची चटणी निघाली, आणि भेंडी आणण्यास निघालेल्या बाईच्या टोपलीत तिघांना पुरून उरेल इतके जेवण कसे, हे कोणी पुसले नाही. वाटभर दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघींसही सारे ऐकू येत होते.

लौटोकाच्या तळावर उतरले तो चार वाजण्यास थोडाच अवकाश, बंदर लांब, आणि थोरलीस चालवेना. समोर फैयाज उभा. त्याने मागचे दार उघडिले. बिसुनदेवांनी त्या दाराकडे पाहिले, मग बायकोकडे पाहिले, मग दोघी बहिणींच्या एकमेकींत गुंतलेल्या हातांकडे पाहिले, आणि थोरलीस पाय पसरता यावेत म्हणून पुढली जागा दिली, आणि स्वतः मुसाफर होऊन मागे बसले. सबंध वाटेत त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबीत होता, आणि तोंडातून एक अक्षर निघाले नाही. सुभागवतीबाई सांगतात की संसारात एवढा पराक्रम त्यांनी दुसरा केला नाही.

बंदराच्या दरवाजाशी बिसुनदेवांनी फैयाजला ताकीद दिली की हिला थेट बा शहरी घराच्या पायरीशी नेऊन सोडणे, वळणावर हळू, खड्ड्यात त्याहून हळू. फैयाजने त्यांस मुजरा केला आणि या वेळी हसला नाही.

येणेप्रमाणे स्वारीचा निकाल नमूद केला जातो. बा शहर हाती आले नाही, त्याचे दर्शनही जाहले नाही. एक शपथ रणी पडली, एक अंगठा जायबंदी झाला. थोरली बहीण हस्तगत जाहली. रुळांवर पहिले पाऊल कोणाचे, यावर लिव्हरपूलकरांत जे तट आहेत, त्यांविषयी आम्ही तपास केला. बस हाकणारे दोघेही म्हणतात, आम्ही डोळे पुसत होतो. बिसुनदेवांस दोघींनीही पुसले, आणि ते म्हणाले की मी आगगाडी पाहत होतो. सबब तो मुद्दा अनिर्णित.

आणि बंदराचा दरवाजा लागता लागता सुभागवतीबाईंनी टॅक्सीच्या काचेतून बहिणीचा हात धरिला तो सोडवेना, आणि जहाजाने भोंगा दिला, तेव्हा थोरलीनेच आपला हात सोडवून घेतला आणि डोळे कोरडे ठेवून बोलली.

"चल, जा आता. पुढच्या खेपेला तू ये."

"नाही," धाकटी म्हणाली, "तू ये."

आणि युद्ध पूर्ववत सुरू जाहले, हाच या मोहिमेचा विजय, ऐसे आम्ही लिहून ठेविले असे.